आई-वडिलांसह जपान : नऊ रात्रींत किती गावे?

आपला प्रश्न मला असा समजला. येत्या मे महिन्यात अडुसष्ट आणि बहात्तर वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी आई-वडिलांना घेऊन आपल्याला नऊ रात्रींसाठी जपानला जायचे आहे. वडिलांची इच्छा हिरोशिमा पाहण्याची आहे, तर शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आईंना तिथले खेडेगाव पाहायचे आहे. आपल्या हाती दोन माहितीपत्रके आहेत. पहिल्यात टोकियो, हाकोने, नागोया, ताकायामा, शिराकावा-गो, कानाझावा, क्योटो, नारा, हिरोशिमा आणि ओसाका अशी दहा ठिकाणे आणि सात हॉटेले आहेत. दुसऱ्यात पाचच ठिकाणे आहेत आणि तरीही पैसे जास्त आहेत. कमी दाखवणारी सहल महाग कशी, आणि ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

गेली सोळा वर्षे मी पुण्यातून जपानला गट नेत आले आहे आणि माझ्या बहुतेक गटांत साठी ओलांडलेली माणसे निम्म्याहून अधिक असतात. त्या अनुभवावरून एक सवय लागली आहे : माहितीपत्रक हाती आले की ठिकाणांच्या नावांआधी मी हॉटेले मोजते. नऊ रात्रींत सात हॉटेले याचा अर्थ सहा वेळा बॅगा भरायच्या, सहा वेळा सकाळी सातच्या सुमारास त्या खाली आणून ठेवायच्या आणि सहा वेळा नव्या खोलीची वाट पाहायची. जपानी हॉटेलांत खोली साधारणपणे दुपारी तीननंतर ताब्यात मिळते आणि त्याआधी ती मिळावी म्हणून विनवणी करून फारसा उपयोग होत नाही. एका बदलात अर्धा दिवस जातो असे धरले, तरी सहा बदलांत तीन दिवस संपतात. तरुण माणूस हे अर्धे दिवस इकडे तिकडे फिरून भरून काढतो, पण सत्तरीतील माणूस ते हॉटेलच्या दर्शनी दालनात खुर्चीवर बसून काढतो.

दहा ठिकाणांची सहल स्वस्त असण्याची कारणेही याच मांडणीत दडलेली असतात. अशा सहली मुख्यतः बसने होतात. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचे, म्हणजे अतिवेगवान रेल्वेचे, एका माणसाचे आरक्षित तिकीट सुमारे १४,००० येन पडते, तर तीस-पस्तीस जणांत विभागलेली बस त्याहून पुष्कळ स्वस्त पडते. त्या बसच्या सोयीसाठी मुक्काम महामार्गाजवळच्या शहरात घेतला जातो, आणि आपल्या यादीत नागोया बहुधा याच कारणाने आले असावे; तिथे रात्री पोहोचून सकाळी निघायचे असते. त्यातच बसचालकाच्या कामाच्या तासांवर तिथे कायद्याची मर्यादा आहे आणि दोन पाळ्यांमधील विश्रांतीचा नियम एप्रिल २०२४ पासून अधिक कडक झाला आहे. त्यामुळे सकाळी एका ठिकाणी उशीर झाला की संध्याकाळचे ठिकाण कापले जाते. तो वेळ बस जास्त तास ठेवून भरून काढता येत नाही. दुसऱ्या माहितीपत्रकातील जादा पैसे रेल्वेचा प्रवास, शहराच्या मध्यभागातील हॉटेले आणि एका जागी सलग दोन-तीन रात्री यांचे असतील, तर ते मला योग्य वाटतात. मात्र ते खरोखर त्यासाठीच आहेत ना, हे आपल्याला विचारून घ्यावे लागेल.

काही गोष्टी आपल्या प्रश्नात नाहीत आणि माझे उत्तर त्यांवर अवलंबून आहे. दोघांना मध्ये थांबत थांबत दिवसाला पाच-सहा किलोमीटर चालता येते का? जमिनीवर बसून उठता येते का? आणि शाकाहाराची त्यांची व्याख्या कोणती : पदार्थात मासा दिसला नाही म्हणजे चालते, की माशाच्या अर्काचा रस्साही चालत नाही? चालण्याचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण जपानमधील सहल ही पायी सहल असते. स्थानकांत उद्वाहक असतात, पण अनेकदा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असतात. क्योटोतील कियोमिझु-देरा या मंदिराला बस खालीच थांबते आणि चढ पायी चढावा लागतो. निघण्याआधी दोन महिने रोज संध्याकाळी तासभर चालण्याचा सराव करावा, असे मी प्रत्येक गटाला सांगते. ज्यांनी तो केला त्यांचा प्रवास निराळाच झाला.

दोघांची तब्येत साधारण चांगली आहे असे गृहीत धरून मी नऊ रात्री अशा वाटीन : टोकियोत तीन, ताकायामाला दोन, क्योटोत तीन आणि ओसाकात एक. विमानाने टोकियोला उतरावे आणि परतीचे विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून घ्यावे. पुष्कळ कार्यक्रमांत केवळ तिकीट स्वस्त पडते म्हणून शेवटी पुन्हा टोकियोला आणतात. त्यात एक दिवस व्यर्थ जातो आणि वाचलेल्या पैशांचा बराच भाग परतीच्या रेल्वेत जातो. हाकोने आणि कानाझावा मी सोडीन. कानाझावाचे केन्रोकु-एन हे उद्यान सोडताना मला वाईट वाटते, हे मान्य करते. हाकोने बहुतेक जण फुजी दिसेल या आशेने घेतात, पण ३,७७६ मीटर उंचीचा हा पर्वत मे महिन्यात वारंवार ढगांत असतो आणि त्यासाठी एक मुक्काम पणाला लावणे मला पटत नाही. त्याऐवजी टोकियोहून नागोयाकडे जाणाऱ्या शिंकान्सेनमध्ये ‘ई’ रांगेची खिडकीची आसने मागून घ्यावीत. हवा स्वच्छ असेल तर गाडी सुटल्यानंतर सुमारे पाऊण तासाने उजव्या हाताला फुजी दिसतो.

या आखणीचा कणा म्हणजे सामानाची व्यवस्था, आणि माहितीपत्रकात तिच्याविषयी एक ओळही नसते. शिंकान्सेन मधल्या स्थानकावर दीड-दोन मिनिटेच थांबते. तेवढ्यात तीस माणसांनी मोठ्या बॅगांसह चढायचे म्हणजे धावपळ होते आणि पडण्याचे प्रसंग तेव्हाच येतात. शिवाय तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी मे २०२० पासून टोकियो-ओसाका या तोकाइदो मार्गावर विशिष्ट आसन आधी राखून ठेवावे लागते. यावर जपानी माणसांनी काढलेला तोडगा ‘ताक्क्युबिन’ हा आहे. घरून घरी सामान पोहोचवणारी ही सेवा यामातो कंपनीने १९७६ मध्ये सुरू केली आणि आज कोणत्याही हॉटेलच्या स्वागतकक्षातून ती मिळते. टोकियोतून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बॅगा थेट क्योटोच्या हॉटेलला पाठवाव्यात. त्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचतात आणि हॉटेल त्या आपल्या नावाने जपून ठेवते. ताकायामाच्या दोन रात्रींसाठी प्रत्येकाने खांद्यावरची छोटी पिशवी घ्यावी. आई-वडिलांची औषधे मात्र कधीही पाठवलेल्या बॅगेत ठेवू नयेत. ती सतत हातातील पिशवीत असावीत.

आता आईंच्या खेड्याविषयी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आपल्या सहलीतील ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत सहज बिघडणारी गोष्ट आहे. शिराकावा-गोमधील ओगिमाची हे गाव १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथल्या घरांच्या शैलीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात आणि गाश्शो म्हणजे जोडलेले हात. नमस्काराच्या मुद्रेसारखी दोन्ही बाजूंनी उभी उतरणारी गवताची छपरे पाहिली की हे नाव समजावून सांगावे लागत नाही. हिवाळ्यात पडणारे प्रचंड बर्फ साचू नये म्हणून उतार इतका तीव्र ठेवला आहे. छपराचा सांगाडा खिळ्यांशिवाय, दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेला असतो, आणि त्याखालच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. हे छप्पर काही दशकांनी पूर्ण बदलावे लागते. एका कुटुंबाला ते झेपणारे नसल्यामुळे सारा गाव एकत्र येऊन एकमेकांची छपरे शाकारतो आणि या परस्पर मदतीला ‘युई’ म्हणतात. माझ्या गटातील सोलापूरकडच्या एका आजींना मी हे सांगितले, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे आमची इर्जिकच की!” नांगरटीला शेजाऱ्यांची औते बोलवायची आणि त्यांच्या पाळीला आपण जायचे, ही आपली रीत त्यांनी लहानपणी पाहिलेली होती. त्यानंतरचा सगळा दिवस त्या दुभाष्यामार्फत तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना शेतीविषयी विचारत होत्या. मे महिन्यात तिथल्या खाचरांत पाणी असते, भाताची लावणी जवळ आलेली असते किंवा सुरू असते आणि त्या पाण्यात छपरांची प्रतिबिंबे पडतात. शेतकऱ्याच्या मुलीला दाखवण्यासाठी याहून चांगला काळ मला सुचत नाही.

परंतु हेच गाव दुपारी बाराला पाहिले तर त्यातले काही हाती लागत नाही. दहा ते तीनच्या दरम्यान बसेस एकामागून एक येतात, मुख्य रस्ता गर्दीने भरतो आणि गटाला तासभर मिळतो. त्यात प्रसाधनगृहाची रांग, टेकडीवरून एक छायाचित्र आणि एखादे दुकान एवढेच होते. पहिल्या माहितीपत्रकात ताकायामा, शिराकावा-गो आणि कानाझावा एकाच दिवसात असतील, तर आईंना हेच मिळेल. म्हणून ताकायामाला दोन रात्री राहावे. तिथून शिराकावा-गो बसने सुमारे पन्नास मिनिटांवर आहे. सकाळच्या पहिल्या बसने गेलात तर गर्दीच्या आधी दीड-दोन तास गाव जवळजवळ आपलेच असते. या घरांत लोक आजही राहतात; त्यांच्या अंगणात किंवा बांधावर न विचारता पाऊल टाकू नये, आणि गवताच्या छपरांना आगीचे भय असल्याने धूम्रपानाविषयी तिथे फार काटेकोर असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

त्या घरांपैकी एखाद्यात रात्रभर राहावे का, असा मोह आपल्याला होईल. सुरुवातीच्या वर्षांत मी सर्वांना तसे नेत असे. झोपायला जमिनीवर गादी, स्नानगृह आणि शौचालय सामाईक, आणि जेवण ठरलेल्या वेळी नदीतल्या माशासह. एका वर्षी गटातील एक बाई पहाटे जमिनीवरून उठू शकल्या नाहीत, आणि कोणाला उठवायचे या संकोचात तासभर तशाच पडून राहिल्या. ही चूक माझी होती, कारण गुडघ्यांविषयी मी आधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून ज्येष्ठांसाठी मी ताकायामात पलंग असलेल्या खोल्याच घेते. आपले आई-वडील जमिनीवर सहज बसत-उठत असतील, तर गावातला मुक्काम अवश्य करा. थोडीही शंका असेल तर करू नका.

ताकायामाही केवळ थांबा म्हणून पाहू नये. मियागावा नदीकाठी सकाळी सातच्या सुमारास बाजार भरतो आणि आसपासच्या शेतांतली भाजी, लोणची आणि फुले घेऊन प्रामुख्याने वयस्कर बायका तिथे बसतात. साखर न घातलेल्या सोया सॉसमध्ये भाजलेले, तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांचे मिताराशी दांगो शाकाहारी माणसाला तिथे बहुतेक वेळा खाता येतात. दुपारी हिदा-नो-सातो हे खुले संग्रहालय पाहावे. वेगवेगळ्या खेड्यांतून हलवून आणलेली तीसहून अधिक जुनी घरे तिथे आहेत, आत जाऊन चूल आणि माळा निवांत पाहता येतो आणि गर्दी कमी असते. एक गोष्ट मात्र आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावी : या भागाची ख्याती गोमांसासाठी आहे आणि जुन्या बाजारपेठेत त्याचे पदार्थ उघड्यावर विकले जातात. अचानक समोर आले की काही जणांचा सगळा दिवस खराब होतो, हे मी पाहिले आहे.

जेवणाचा खरा अडथळा ‘दाशी’ हा आहे. जपानी स्वयंपाकातील बहुतेक रश्श्यांचा पाया वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेल्या या अर्काचा असतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचे रस्से, उकडलेल्या भाज्या, कधी कधी साधा दिसणारा अंड्याचा पदार्थ, सगळ्यांत तो असतो. “मासा नको” असे सांगितले तर स्वयंपाकी तुकडा काढतो, पण रस्सा तोच राहतो, आणि त्याच्या दृष्टीने त्याने आपले म्हणणे मानलेले असते. म्हणून ‘कात्सुओ-दाशी नको, कोम्बु म्हणजे समुद्री वनस्पतीची दाशी चालेल’ असे जपानी भाषेत लिहिलेला कागद प्रत्येकाजवळ असावा आणि हॉटेलला तो आठवडाभर आधी पाठवलेला असावा. टोकियो, क्योटो आणि ओसाका येथे भारतीय उपाहारगृहे सहज मिळतात. प्रश्न ताकायामाचा असतो, आणि तिथल्या दोन्ही रात्रींचे जेवण नेमके काय आहे हे कंपनीने आधीच लेखी सांगितले पाहिजे. घरून दशम्या, मेतकूट, झटपट पोहे आणि उपम्याची पाकिटे न्यावीत, कारण पाणी तापवण्याची किटली बहुतेक खोल्यांत असते. विजेवरचा छोटा कुकर नेऊ नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असल्याने आपल्याकडचा कुकर तिथे नीट तापत नाही. आणि मे महिना असला तरी हापूस नेऊ नये. ताजी फळे आणि भाज्या निर्यात करणाऱ्या देशाच्या तपासणी प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि विमानतळावर काढून घेतलेली पेटी पाहून माणसे खरोखर हळहळतात.

वडिलांच्या हिरोशिमाविषयी माझे मत ठाम आहे : जायचे तर पूर्ण दिवस द्यावा. क्योटोहून नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेन गाडीने तिथे पोहोचायला सुमारे एक तास चाळीस मिनिटे लागतात. शेवटच्या पूर्ण दिवशी सकाळी क्योटो सोडावे, बॅगा आदल्या संध्याकाळी ओसाकाला पाठवलेल्या असाव्यात, आणि संध्याकाळी हिरोशिमाहून थेट ओसाकाला मुक्कामाला यावे. अणुस्फोटातून उरलेल्या स्मृतिघुमटासमोर वीस मिनिटे उतरवून पुढे नेणाऱ्या सहली मला मान्य नाहीत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहरात काय घडले, हे समजून घ्यायला आलेल्या माणसाला संग्रहालयातच दोन-अडीच तास लागतात आणि नंतर काही वेळ नुसते बसावेसे वाटते. तिथल्या वस्तू, विशेषतः मुलांचे कपडे आणि जेवणाचे डबे, मनावर फार खोल आघात करतात. आईंना ते नको असेल तर त्यांनी बाहेरच्या उद्यानात थांबावे आणि कोणीतरी त्यांच्या सोबत असावे. मियाजिमा बेटही त्याच दिवशी करण्याचा आग्रह या वयात मी धरत नाही.

टोकियोविषयी थोडक्यात सांगते : आसाकुसातील जुने मंदिर, मेइजी देवस्थान आणि एखादी संध्याकाळ शिबुयाच्या चौकात, एवढे पुरे आहे. पहिला दिवस तसाही विमानप्रवासाच्या थकव्याचा असतो. क्योटोत दिवसाला दोनच मंदिरे घ्यावीत. एक दिवस नाराला द्यावा आणि तोदाइजी मंदिरातील भव्य बुद्धमूर्तीसमोर उभे असताना वडिलांना एक गोष्ट सांगावी : ७५२ मध्ये या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केले होते. जमले आणि एक रात्र वाढवता आली, तर ती ओसाकाजवळच्या कोयासान या डोंगरावरच्या मठात काढावी, असे मी आवर्जून सुचवीन. बौद्ध भिक्षू कुकाई यांनी ८१६ मध्ये स्थापन केलेल्या या तीर्थक्षेत्री भिक्षूंचे जेवण परंपरेनेच शाकाहारी असते आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे दाशीची चिंता इथे मिटते. ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीतील देवदारांखालील समाध्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतील संस्कृत बीजाक्षरे कोरलेली आहेत, आणि त्यांचा देवनागरीशी असलेला नात्यातला सारखेपणा पाहून आपली माणसे थबकतात. तिथे खोल्या मात्र बहुधा जमिनीवर झोपण्याच्याच असतात, म्हणजे पुन्हा गुडघ्यांचा प्रश्न येतो.

तारखांबाबत, २९ एप्रिल ते ५ मे हा जपानमधील सलग सुट्ट्यांचा आठवडा असतो आणि त्या काळात रेल्वे, हॉटेले आणि शिराकावा-गो हे सर्व ओसंडून वाहते. मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून आपल्याकडचे लोक नेमके तेव्हाच निघतात. आपण ८ मेनंतर निघावे. जूनमध्ये पावसाळा सुरू होण्याआधीचा तो काळ फार सुखाचा असतो, फक्त ताकायामाच्या सकाळींसाठी स्वेटर हवा.

शेवटी मार्गदर्शकाविषयी, कारण आपण मार्गदर्शित सहल निवडत आहात आणि जादा पैशांचा मोठा वाटा त्याच्यासाठी असला पाहिजे. गटासोबत भारतातून जाणारा टूर मॅनेजर आणि तिथला स्थानिक गाइड ही दोन वेगळी कामे आहेत. पहिला जेवण, खोल्या आणि माणसे सांभाळतो. दुसरा ठिकाण समजावून सांगतो. जपानमध्ये गाइडसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे. जानेवारी २०१८ पासून परीक्षा न दिलेली व्यक्तीही पैसे घेऊन हे काम करू शकते, पण ‘परवानाधारक दुभाषी मार्गदर्शक’ हे नाव परीक्षा दिलेल्यांनाच लावता येते. त्यामुळे दुसऱ्या कंपनीला लेखी विचारावे की स्थानिक गाइड किती दिवस आणि रोज किती तास आहे, तो परवानाधारक आहे का, गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, मोठ्या बॅगा कोणत्या दिवशी कोणाच्या खर्चाने पुढे जातील, आणि शिराकावा-गोला गट किती वाजता पोहोचेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सकाळी नऊच्या आसपासचे आले, तर ती कंपनी गाव ओळखते असे समजावे आणि नोंदणी करावी. दुपारचे आले, तर रेल्वेची तिकिटे आणि हॉटेले स्वतः घेऊन फक्त ताकायामा, क्योटो आणि नारा येथे एकेका दिवसासाठी स्थानिक गाइड ठरवावा. तीन-चार माणसांच्या कुटुंबाला जपानमध्ये तेही चांगले जमते, आणि आईंना बाजारात एखाद्या भाजीवालीजवळ हवा तितका वेळ थांबता येते.